कर्नल बदललं आणि लॅन-वायफाय दोन्ही गायब (उबुंटू २४.०४, ६.११ वरून ६.१४)

वायरवेडा

लॅपटॉप, उबुंटू २४.०४. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.११.०-२६ वरून ६.१४.०-२७ वर नेलं, तेही हाताने: इमेज, मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही तीन पॅकेजं टाकून. रीबूट केल्यावर वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह नाही. केबल लावली तर 'केबल जोडलेली नाही' एवढंसुद्धा म्हणत नाही, लॅनची नोंदच दिसत नाही. लॅन रियलटेक ८१११, वायफाय ब्रॉडकॉम ४३१४२. राउटर ठीक, फोनवर नेट चालू. आवाज ठीक आहे. सगळं पुसून उबुंटू पुन्हा टाकू का?

गोगलगाय

काहीही पुसू नका. जुनं कर्नल अजून डिस्कवर आहे. आधी त्यात जा आणि नेट चालतं का ते बघा. चालत असेल तर दोष नव्या कर्नलच्या बाजूला. तिथेही चालत नसेल तर कर्नल सोडून इतर गोष्टी तपासायच्या. ही पाच मिनिटांची तपासणी न करता लोक तासन् तास राउटर रीसेट करत बसतात.

लॅपटॉप सुरू होताना यूईएफआय असेल तर एस्केप दाबा, जुना बायोस असेल तर शिफ्ट धरून ठेवा. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये ६.११ ची ओळ निवडा. एस्केप एकदाच दाबा. घाईत दोनदा दाबला गेला तर ग्रबचा (बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) काळा प्रॉम्प्ट समोर येतो. घाबरू नका, 'रीबूट' टंकून परत या.

मग दोन्ही कर्नलवर पुढच्या कमांड चालवून उत्तरं फाइलमध्ये साठवा. (कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये रोमनमध्येच टंकायच्या, स्पेस आणि डॅश जसेच्या तसे.)

युनेम -आर
एलएसपीसीआय -एनएनके
डीकेएमएस स्टेटस
आरएफकिल लिस्ट
ग्रेप -आर ब्लॅकलिस्ट /ईटीसी/मॉडप्रोब.डी

कर्नलचा लॉग 'जर्नलसीटीएल -के -बी' ने मिळतो. शेवटी '-१' जोडलं की आधीच्या बूटचा लॉग येतो, त्यामुळे तुलनेसाठी पुन्हा मागे जावं लागत नाही.

वायरवेडा

६.११ वर दोन्ही चालतं. फरक असा:

६.११ वर एलएसपीसीआयमध्ये लॅनच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६८', वायफायच्या खाली 'डब्ल्यूएल'. ६.१४ वर दोन्हीकडे 'इन यूज' ही ओळच नाही. लॅनच्या खाली फक्त 'कर्नल मॉड्यूल्स: आर८१६९'.

डीकेएमएस स्टेटसमध्ये आर८१६८ आणि ब्रॉडकॉम-एसटीए ६.३०.२२३.२७१ हे दोन्ही '६.११.०-२६: इन्स्टॉल्ड'. ६.१४ चा उल्लेख नाही. आरएफकिलमध्ये काही ब्लॉक नाही. ब्लॅकलिस्टमध्ये बऱ्याच ओळी आहेत, त्यातली एक 'ब्लॅकलिस्ट आर८१६९'.

खडूफळा

निदान तुमच्याच प्रतिसादात आहे. तुमचे दोन्ही ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचे आहेत. अशा ड्रायव्हरचा सोर्स डिस्कवर असतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस तो नव्याने कंपाइल करतं. त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स (कंपाइल करताना वापरायच्या त्याच्या फाइली) लागतात. तुम्ही तीन पॅकेजं टाकलीत, चौथं लिनक्स-हेडर्स राहिलं. हेडर्स नाहीत म्हणून बिल्ड नाही, बिल्ड नाही म्हणून ड्रायव्हर नाही. डीकेएमएस याची फारशी बोंबही मारत नाही.

लॅनचं दुखणं थोडं वेगळं. ८१११ साठी आर८१६९ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि तो ६.१४ वरही हजर आहे. पण कधीतरी आर८१६८ टाकताना त्याला ब्लॅकलिस्ट केलं गेलं. आता बाहेरचा बांधला गेला नाही आणि घरातल्याला दाराबाहेर काढलेलं. म्हणजे दोन्हीकडून बोंब.

यातून सुटका एका ओळीची आहे. ६.१४ मध्ये बूट करा आणि:

सुडो मॉडप्रोब आर८१६९

ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप लोड होणं थांबवते. नाव घेऊन बोलावलं तर मॉड्यूल येतं. लॅन दहा सेकंदांत उभी राहील. मग त्याच लॅनवरून हेडर्स घ्या:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-६.१४.०-२७-जेनेरिक

हेडर्स बसले की डीकेएमएस स्वतःच बांधायला लागतं. नाही लागलं तर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के ६.१४.०-२७-जेनेरिक'.

आळशी_बोका

+१. भर एवढीच, की आर८१६८ ची गरज आहे का ते आधी ठरवा. ८१११ ला आर८१६९ बहुतेक ठिकाणी पुरतो. काढायचा असेल तर 'एपीटी रिमूव्ह' नको, 'एपीटी पर्ज' करा. रिमूव्ह केल्यावर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधली पॅकेजची फाइल मागे राहते आणि त्यातल्या ओळी कार्ड आर८१६८ कडे वळवत राहतात. ड्रायव्हर गेलेला आणि नियम जिवंत, अशी अवस्था होते. पर्जनंतर हाताने लिहिलेली ब्लॅकलिस्टची ओळही काढा, मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू'. ही शेवटची पायरी विसरली तर जुनी ब्लॅकलिस्ट इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइल-संचात) तशीच राहू शकते.

मीठभाकर

ज्यांच्या लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नाही त्यांच्यासाठी: अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या मेनूतलं यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन वायफायवर असेल तर घरचंच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जळत नाही. लॅपटॉपला ते लॅन कार्डासारखं दिसतं. त्याचे ड्रायव्हर (आरएनडीआयएस-होस्ट, सीडीसी-ईथर, सीडीसी-एनसीएम) कर्नलमध्येच असतात. फक्त चार्जिंगची केबल असेल तर फोनवर टेदरिंगचा पर्याय करडाच राहतो. तेव्हा केबल बदला, लॅपटॉपवर शोधू नका.

आणि ज्यांनी मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज टाकलेलं नाही त्यांचं वायफाय इंटेलचं असलं तरी जाईल, कारण उबुंटूमध्ये ते ड्रायव्हर त्या पॅकेजात असतात. खूण सोपी: वायफायबरोबर आवाजही गेला असेल तर आधी हेच बघा. म्हणून धागाकर्त्याने 'आवाज ठीक आहे' लिहिलं ते कामाचं होतं.

सांजसकाळ

माझी केस जवळची पण वेगळी. लॅपटॉप दुसरा, वायफाय तेच ब्रॉडकॉम. डीकेएमएस स्टेटस ६.१४ साठी 'इन्स्टॉल्ड' म्हणतं, तरी 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' केलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. त्याच संध्याकाळी बायोसचं अपडेटही आलं होतं.

खडूफळा

जुन्या कर्नलवर डब्ल्यूएल लोड होतंय का?

सांजसकाळ

नाही! तिथेही तोच एरर. गेल्या आठवड्यापर्यंत चालत होतं.

खडूफळा

मग कर्नल निर्दोष. बायोस अपडेटने सेटिंग मूळ पदावर नेली आणि सिक्युअर बूट चालू झालं. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' विचारा, 'एनेबल्ड' सांगेल. सिक्युअर बूट चालू असताना सहीशिवाय मॉड्यूल आत घेतलं जात नाही. डीकेएमएस सही करतं, पण त्या सहीची चावी तुमच्या मशीनने ओळखलेली नाही.

दोन मार्ग आहेत. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं हा एक. दुसरा, माझ्या मते बरा, चावी नोंदवणं:

सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हीएआर/लिब/शिम-साइन्ड/मोक/एमओके.डीईआर

(डेबियनवर डीकेएमएसची चावी /व्हीएआर/लिब/डीकेएमएस/मोक.पब इथे असते.)

एक तात्पुरता पासवर्ड मागेल. अंक आणि साधी अक्षरंच ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीबूट केल्यावर निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चहा घ्यायला गेलात तर मशीन सरळ बूट होतं, विनंती रद्द होते आणि इम्पोर्टपासून पुन्हा करावं लागतं.

सांजसकाळ

झालं. पहिल्या वेळी पडदा हुकलाच.

तिसरी_घंटा

डीकेएमएसचा बिल्ड मोडतो तेव्हा नुसतं 'एरर १०' बघून उपयोग नाही. खरं कारण /व्हीएआर/लिब/डीकेएमएस मध्ये ड्रायव्हरच्या नावाच्या फोल्डरात, आवृत्तीच्या आत, बिल्डमधल्या मेक.लॉगमध्ये असतं. शेवटची ओळ वाचू नका, पहिला 'एरर' शोधा, त्यापुढचे बहुतेक त्याचेच परिणाम. वारंवार भेटणारे असे:

'जीसीसी-१२ नॉट फाउंड' किंवा 'एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' ओळखत नाही: उबुंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई (जुन्या उबुंटूवर मिळणारं नवं) कर्नल ६.५ किंवा पुढचं. कर्नल जीसीसी (कंपायलर) १२ ने बांधलेलं आणि मशीनवर मूळचा ११. 'एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२', विषय संपला.

'डेल_टायमर' किंवा 'डेल_टायमर_सिंक' सापडत नाही: ६.१५ मध्ये ही जुनी नावं गेली, आता 'टायमर_डिलीट' वापरायचं. ड्रायव्हरची नवी आवृत्ती घ्या.

ड्रायव्हरची स्वतःचीच हेडर फाइल 'सापडत नाही', आणि फाइल तर समोर दिसतेय: हासुद्धा ६.१५ चाच. मेकफाइलमध्ये 'एक्स्ट्रा_सीफ्लॅग्ज' वापरलेलं असतं. कर्नलच्या बिल्ड-पद्धतीने ते ऐकणं बंद केलं, त्यामुळे फोल्डरचे पत्ते कंपायलरपर्यंत पोचतच नाहीत. मेकफाइलमध्ये त्या जागी 'सीसीफ्लॅग्ज-वाय' केलं की चालतं.

ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरची ६.३०.२२३.२७१ ही शेवटची आवृत्ती २०१५ ची. तेव्हापासून वितरणवाले त्यावर ठिगळं लावत आलेत. एखादं कर्नल फार नवं असेल आणि ठिगळ आलेलं नसेल तर महिनाभर जुन्यावर बसणं हाच शहाणपणा. ४३१४२ ला कर्नलमधला बी४३ चालवत नाही, त्यामुळे तो टाकून बघण्यात वेळ घालवू नका. कार्डच बदलणं स्वस्त पडतं. फक्त काही लॅपटॉपचे बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतात, आधी मॉडेलप्रमाणे चौकशी करा.

झुरळमारे

यूएसबी डाँगलबद्दल कोणी बोलेल का? रियलटेक ८८२१सीयू. इंटरनेटवरून घेतलेला ड्रायव्हर डीकेएमएसने टाकला होता. नव्या कर्नलवर जोडतो, दोन मिनिटांत तुटतो, पुन्हा जोडतो. कधी दिसतच नाही.

तिसरी_घंटा

बहुधा दोन ड्रायव्हर एकाच डाँगलवर भांडतायत. ८८२१सीयू, ८८२२बीयू, ८८२२सीयू ही मंडळी ६.२ पासून कर्नलमधल्या आरटीडब्ल्यू८८ मध्ये आहेत. ८८१२एयू आणि ८८२१एयू ६.१४ पर्यंत आली. म्हणजे पूर्वी बाहेरचा ड्रायव्हर घेणं भाग होतं, आता बहुतेकांना गरज नाही.

'एलएसमॉड' मध्ये ८८२१सीयू आणि आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू दोन्ही दिसतात का बघा. दिसले तर बाहेरचा काढा: 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये जे नाव आणि आवृत्ती छापून येते ती अक्षरशः उचलून 'सुडो डीकेएमएस रिमूव्ह नाव/आवृत्ती --ऑल'. मग /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये त्या ड्रायव्हरने टाकलेली .कॉन्फ फाइल काढा, कारण तिच्यात बऱ्याचदा आरटीडब्ल्यू८८ लाच ब्लॅकलिस्ट केलेलं असतं. वर लॅनचं जे झालं तेच इथे. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज (फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अद्ययावत हवं. डाँगल काढून घाला, नुसतं रीलोड पुरत नाही.

'कधी दिसतच नाही' याचं कारण वेगळं असू शकतं. 'एलएसयूएसबी' मध्ये ०बीडीए:१ए२बी दिसलं तर डाँगल अजून विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी बनून बसलाय. 'सुडो इजेक्ट /डेव्ह/एसआर०' केलं की तो वायफाय होतो. लॅपटॉपला खरा सीडी ड्राइव्ह असेल तर एसआर० तो असेल, मग एसआर१. कायमसाठी यूएसबी-मोडस्विच पॅकेज.

झुरळमारे

दोन्ही होते. बाहेरचा काढला, आता तुटत नाही.

काळीज_थंड

घरी छोटा सर्व्हर असणाऱ्यांसाठी लिहितो, कारण तिथे ड्रायव्हर ठीक असतो आणि तरी नेट नसतं. लक्षण: बूट होताना 'वेट फॉर नेटवर्क' वर दोन मिनिटं अडकतं, मग लॉगिन येतं आणि मशीनला आयपी नसतो. 'आयपी -बीआर लिंक' केलं की कळतं, पूर्वीचं ईएनपी३एस० आता ईएनपी४एस० झालंय, किंवा शेपटाला 'एनपी०' लागलंय. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये) किंवा /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेसमध्ये जुनंच नाव.

हे नाव पीसीआयच्या जागेवरून पडतं. नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की क्रमांक सरकतात. शिवाय नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर पोर्टचं नावही कळवू लागला की शेपूट वाढतं. प्रत्येक वेळी फाइल बदलत बसण्यापेक्षा मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करा. /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये १०-लॅन.लिंक नावाची फाइल. तिच्यात 'मॅच' विभागात मॅकॲड्रेस आणि 'टाइप=ईथर', 'लिंक' विभागात 'नेम=लॅन०'. टाइपची ओळ वगळू नका: ब्रिज आणि त्याखालचं कार्ड यांचा मॅक एकच असतो आणि नियम दोघांनाही लागतो. नाव ईटीएच० किंवा डब्ल्यूलॅन० ठेवू नका, कर्नल स्वतः ती नावं वाटतं आणि टक्कर होते. नंतर नेटप्लॅनमध्ये लॅन० लिहा, अपडेट-इनिटरॅमएफएस, रीबूट. हे सगळं मशीनला स्क्रीन-कीबोर्ड लावून करा, एसएसएचवरून नव्हे. चुकलात तर फांदीवर बसून फांदी तोडल्यासारखं होईल.

इंटेल आय२१९ वाल्यांना लॉगमध्ये 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' दिसत असेल, मोठी फाइल कॉपी करताना लॅन झोपत असेल, तर 'ईथटूल -के ईएनओ१ टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ' (के मोठी लिपी). प्रोसेसरवर थोडा भार येतो, घरच्या वापरात जाणवत नाही. रीबूटला जातं, म्हणून इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अपची ओळ म्हणून टाका.

पाटीपेन्सिल

इंटेल वायफाय. लॉगमध्ये लाल अक्षरांत 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२' अशा चार ओळी. नेट चालतंय पण. काळजी करू?

गोगलगाय

नाही. ड्रायव्हर सगळ्यात नवी फर्मवेअर आवृत्ती मागतो, नसेल तर एकेक पायरी खाली येतो. शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' असेल तर काम झालं. ती ओळ नसेल आणि 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड' असेल तरच दुखणं. डेबियन ११ वरून १२ वर गेलेल्यांनी सोर्सेस यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडलंय का बघा. १२ पासून (२०२३) फर्मवेअर 'नॉन-फ्री' मधून निघून या वेगळ्या विभागात गेलं. जुनी यादी तशीच ठेवली तर कर्नल नवं आणि फर्मवेअर जुनं राहतं.

विंडोजही त्याच मशीनवर असेल तर तिकडे फास्ट स्टार्टअप बंद करा. ते कार्ड अर्धवट झोपेत सोडतं आणि लिनक्सला ते उठवता येत नाही.

निळा_दिवा

वायफाय चालतंय, २.४ दिसतं, ५ गिगाहर्ट्झचं नावच यादीत येत नाही. हेसुद्धा नव्या कर्नलनंतरच.

आळशी_बोका

'आयडब्ल्यू रेग गेट' करा. 'कंट्री ००' आलं तर कार्डाला आपण कुठल्या देशात आहोत हे माहीत नाही, म्हणून ते जगभर चालेल अशा सोवळ्या नियमांत वागतं. चॅनेल १४९ ते १६५ आणि २.४ मधले १२, १३ तिथे ते स्वतःहून हाक मारत नाही, नुसतं ऐकतं. लॉगमध्ये 'फेल्ड टू लोड रेग्युलेटरी.डीबी' असेल तर वायरलेस-रेगडीबी पॅकेज टाका. मग 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन'. कायमसाठी /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये 'ऑप्शन्स सीएफजी८०२११ आयईईई८०२११_रेगडोम=आयएन'. जुन्या लेखांत सीआरडीए या जुन्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये देश लिहायला सांगतात. नव्या कर्नलवर ती फाइल कोणी वाचत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी अर्थातच त्या देशाची दोन अक्षरं.

मीठभाकर

उलट प्रकारही लिहून ठेवतो, म्हणजे कर्नलच्या नावाने उगाच बिल फाटणार नाही.

'पिंग १.१.१.१' चालतं आणि नावाने साइट उघडत नाही: डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा). घरात रास्पबेरी पायवर जाहिरात-गाळणी असेल तर आधी तिचा पत्ता तपासा. ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्मपासून पाय ओएस नेटवर्कमॅनेजर वापरतं. डीएचसीपीसीडी.कॉन्फ मध्ये लिहिलेला पक्का आयपी तिथे कोणी विचारत नाही. नवी प्रतिमा टाकली की पायला राउटरकडून भलताच पत्ता मिळतो आणि घरभरचे फोन जुन्या पत्त्यावर डीएनएस विचारत बसतात. पक्का पत्ता राउटरमध्येच राखून ठेवा, मग पायवर काहीही टाकलं तरी फरक पडत नाही.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात: एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार). पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डवाल्या) जोडणीत तो १४९२ असतो. 'पिंग -एम डू -एस १४६४ १.१.१.१' (एम मोठी लिपी) जायला हवा, कारण १४६४ अधिक हेडरचे २८ म्हणजे १४९२. १४६५ अडायला हवा. १४६४ च अडला तर आकडा कमी करत नेमका शोधा आणि राउटरमध्ये बसवा.

वेग अचानक ९४ च्या आसपास: 'ईथटूल' ने '१०० एमबी' सांगितलं तर केबलच्या आठपैकी एखादी तार गेलीय. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात.

वायरवेडा

मॉडप्रोब आर८१६९ ने लॅन लगेच आली. हेडर्स टाकले, ब्रॉडकॉम ६.१४ साठी बांधलं गेलं, वायफाय चालू. आर८१६८ पर्ज केलं, ब्लॅकलिस्टची ओळ काढली, रीबूटनंतर 'इन यूज: आर८१६९'. पुढच्या अपडेटला हेच पुन्हा होईल का?

खडूफळा

हाताने एकेक पॅकेज टाकत राहिलात तर होईल. 'सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' करा. हे मेटापॅकेज इमेज आणि हेडर्स जोडीने आणतं. आणि अपडेट झाल्यावर रीबूटच्या आधी 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या आकड्यासमोर 'इन्स्टॉल्ड' आहे ना बघा. नसेल तर नेट चालू असतानाच दुरुस्त करता येतं.

आळशी_बोका

आणि बिल्ड मोडलाच तर 'एपीटी-मार्क होल्ड' त्या मेटापॅकेजवर लावा, सुट्या इमेजवर नको. इमेजच्या नावात आकडा असतो, पुढची इमेज वेगळ्या नावाने येते आणि होल्ड बघत राहतो. होल्ड असेपर्यंत सुरक्षेची कर्नल अपडेटंही थांबतात. ठिगळ आल्यावर 'अनहोल्ड' करायचं लक्षात ठेवा.